उत्तमसिंगची एका दमाची हाक

उत्तमसिंगला टीबी झाला, हे बोरी अरबच्या फाट्यावर पहिल्यांदा कोण बोललं ते कोणालाच आठवत नाही. पण कोण कसं बोललं, ते माझ्या कानात सगळं जमा आहे.

चहावाले पंजाबराव गाळणी ग्लासच्या काठावर आपटत बोलतात. प्रत्येक शब्दामागे एक टक. "टीबी हाय." टक. "साधा नाई, डब्बल." टक. "यवतमाळवाल्यायनं हात टेकले." टक टक. लालीबाई भाजीवाली अशी बातमी सांगताना आवाज खाली नेते, इतका खाली की रस्त्यापलीकडच्या माणसालाच नीट ऐकू यावा. "रगत पडते म्हन्तात वं माय. बाल्टीभर!" आणि गुलाबसिंग, ज्याच्या काळी-पिवळी जीपवर उत्तमसिंग काम करायचा, तो आधी खर्ऱ्याचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतो आणि मग गटारातून आल्यासारखा बोलतो, "एक फुप्फुस काढून टाकलं त्याचं. माह्या साळ्यानं सोता पाह्यलं. बरणीत ठेवलं हाय."

तर दुरुस्ती अशी. टीबी नव्हता. थुंकी तीनदा तपासली, तिन्हीदा काही निघालं नाही. दोन्ही फुप्फुसं जागेवर आहेत. रक्त एक थेंबही पडलं नाही, बादली लालीबाईच्या घरची असावी. काय झालं होतं ते दवाखान्यातून सुट्टी देताना दिलेल्या कागदावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. तो कागद मीच उत्तमकाकाला वाचून दाखवला, म्हणून चार महिने बोरीत खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

उत्तमकाका पलीकडच्या बंजारा तांड्यावरचा. वय अडतीस. तो जीप चालवत नव्हता, जीप भरत होता. फाट्यावर त्या कामाला एजंट म्हणतात. सकाळी सातला पिंपळाखालच्या दगडावर उभं राहायचं आणि हाक मारायची. आमच्या फाट्यावरचे बाकीचे एजंट "यौतमाळ यौतमाळ" करत कोंबड्यासारखे ओरडतात. उत्तमकाकाची हाक म्हणजे अख्खा रस्ता होता. छाती भरून घ्यायचा, डोळे मिटायचा आणि सुटायचा:

"तांडा-पूल-लाडखेड-जीन-कालेज-दवाखाना-दत्तचौक-यवतमाऽऽऽळ!"

एका दमात. मधे कुठे श्वास नाही, कुठे ठेच नाही. आणि खरी कारागिरी शेवटच्या 'माळ'मध्ये होती. 'माळ' लांब गेला की समजायचं, गाडी रिकामी आहे, चहा निवांत प्या. मधल्या लांबीचा असला की चपला घाला. आणि 'माळ' कापल्यासारखा तुटला की एकच जागा उरली, पळा. माझी आजी मथुराबाई चुलीजवळ बसून हे ऐकायची आणि म्हणायची, "आताच कायले उठतं वं उर्वशी, अजून तीन जागा हायेत." बाहेर येऊन पाहावं तर तीनच जागा.

तो स्वतः म्हणायचा, "आमचे पनजे-आजे बैलाईच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले. मी मानसं लादतो. बैल बरे, भाड्यावरून भांडत नाईत."

आता खर्ऱ्याचं सांगायला हवं. आमच्याकडे माणूस भेटला की आधी खर्रा काढतो, मग राम राम. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर घोटायचा आणि गालात ठेवायचा. उत्तमकाका दिवसाला आठ-नऊ खायचा. पण एजंटाची अडचण अशी की तोंड भरलेलं असलं तर हाक निघत नाही. प्रत्येक गाडीला खर्रा थुंकायचा, हाक मारायची, नवा घोटायचा. हाकही ओली व्हायला लागली होती. समोर उभं राहिलं तर 'पूल' म्हणताना तुषार यायचे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोनं, वर्षाकाकूनं, अंगणात पाहिलं तर तीन वर्षांचा ओम प्लास्टिकच्या कागदात ओली माती घेऊन घोटत बसलेला. मन लावून, बापासारखी मान तिरपी करून. मग त्यानं ती माती गालात ठेवली आणि पिचकारी मारली. वर्षाकाकूनं ओमचं तोंड धुतलं, त्याला तसाच ओला उचलून फाट्यावर आणला आणि चारचौघांत नवऱ्याचा हात पोराच्या डोक्यावर ठेवला. "म्हना. तंबाखूची पुडी हातात धरनार नाई." उत्तमकाकानं म्हटलं. गुलाबसिंग तेव्हा हसला होता, दोन दिवस टिकन म्हणून.

पण ते टिकलं. त्या दिवसानंतर उत्तमकाकानं पुडीला हात लावला नाही, हे मी कुठेही सांगेन. फक्त, ज्या वेळी त्याचा हात ओमच्या डोक्यावर होता त्या वेळी त्याच्या पँटच्या खिशात एक जांभळी नळी होती. वहीत शब्दांवर रंग ओढायचं पेन असतं ना, तेवढी. मोबाइल दुकानवाल्या विक्कीनं आदल्या आठवड्यात दिलेली. विक्की बोलतो ते जाहिरातीतल्यासारखं, "काका, टेन्शनच नाई ना. धूर नाई, राख नाई, वास नाई. वाफ हाय वाफ. ब्लूबेरी." उत्तमकाकाला ब्लूबेरी काय ते माहीत नव्हतं. तो जांभूळ म्हणायचा. दोन झुरके, हाक. दोन झुरके, हाक. तोंड रिकामं, हात रिकामे. हाक पुन्हा कोरडी खणखणीत झाली. शपथ पुडीची होती, नळीची नव्हती, हे त्यानं स्वतःला समजावलं आणि वर्षाकाकूला समजावायची वेळच येऊ दिली नाही. नळी तो जीपच्या सीटखाली ठेवायचा.

मग गेल्या पावसाळ्यात विक्कीचा माल बंद झाला. बंदीचीच वस्तू ती. नळीतला रस संपला. आणि इथे उत्तमकाकानं ते केलं जे फक्त हाक मारून पोट भरणारा माणूसच करू शकतो.

त्याची आई सोनीबाई, त्याची याडी, रोज झोपताना तिळाचं तेल कोमट करून त्याच्या गळ्याला आणि छातीला चोळून द्यायची. त्याचा बाप गुरं हाकायचा, त्यालाही ती असंच चोळायची. त्यानं गळा मोकळा राहतो, हे अख्ख्या तांड्याला माहीत होतं. उत्तमकाकानं विचार केला, बाहेरून लावलं तर इतकं, आतून लावलं तर किती! नळीचं बूच स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं. मेडिकलमधून निलगिरीचं तेल आणलं, त्यात याडीच्या वाटीतलं तिळाचं मिसळलं आणि ओमच्या तापाच्या औषधाच्या ड्रॉपरनं थेंब थेंब आत सोडलं. हे सगळं मला त्यानं नंतर सांगितलं, एखाद्या मिस्त्रीनं इंजिन खोललेलं सांगावं तसं. "जमलं होतं गा मले ते," म्हणाला. "दीड मैना चाललं."

त्या दीड महिन्यात सर्वांत आधी मला कळलं आणि मी काय केलं ते लिहिलं पाहिजे. एका सकाळी त्यानं 'कालेज'नंतर श्वास घेतला. बारीकसा. दुसऱ्या कोणाला कळला नसता. मी लगेच पंजाबरावांच्या टपरीवर तशी हाक मारून दाखवली, 'कालेज'नंतर म्हाताऱ्या म्हशीसारखा सुस्कारा टाकून. सगळे हसले. उत्तमकाकाही हसला, खोकत खोकत. आठ दिवसांनी श्वास 'लाडखेड'नंतर आला. मी नक्कल सुधारून घेतली. मग 'पूल'नंतर. मग ऑगस्टमधल्या एका सकाळी तो दगडावर उभा राहिला, छाती भरायला गेला, "तांडा" म्हणाला आणि खाली बसला. ओठ जांभळे झाले होते. गुलाबसिंगनं त्याला उचलून पुढच्या सीटवर घातलं. त्या दिवशी ती जीप हाक न मारता यवतमाळला गेली, पहिल्यांदाच.

एकोणीस दिवस तो ऑक्सिजनवर होता. सोबतीला फक्त याडी. वर्षाकाकू तेव्हा माहेरी मारेगावला होती, भावजयीच्या बाळंतपणाला, ओमला घेऊन. याडीला दवाखान्यातलं मराठी अर्धंच कळायचं. ती पलंगाशी बसून दिवसभर एकच म्हणायची, "छोरा, बाटी खा ले." पोरा, भाकर खा.

डॉक्टर पुण्याकडचे होते. त्यांचं बोलणं उत्तमकाका इतकं हुबेहूब करायचा की मला हेवा वाटायचा. आता त्यात मधे मधे दम तुटायचा, तेवढाच फरक. "हे पाहा. नळी घालून. तुमची फुप्फुसं आम्ही धुतली. त्या पाण्यात. तेल आहे. तेल आलं कुठून?"

"फोडनीचं असन साहेब."

डॉक्टर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी याडीला बाहेर पाठवून पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "बाहेर नोका सांगू."

"मी नाही सांगणार," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सांगा."

इकडे फाट्यावर टीबी झाला होता. तो फोनवरून मारेगावला पोचला. ओम जन्मला तेव्हा त्याला न्यूमोनिया होऊन गेलेला. वर्षाकाकूच्या भावानं स्पष्ट सांगितलं, पोराला तिकडे न्यायचं नाही. तिनं नवऱ्याला फोन करून विचारलं, "टीबी हाय का?" त्याला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग काय हाय? उत्तमकाका म्हणाला, "हो. तसंच काई." त्यानं हिशोब केला होता. टीबीचं औषध सहा महिने चालतं असं त्यानं ऐकलं होतं. सहा महिन्यांनी म्हणू बरा झालो. मग येतील दोघं.

घरी आल्यावर दोन दिवसांनी तो फाट्यावर आला. तांड्यापासून फाटा माझ्या चालीनं दहा मिनिटं. त्याला पाऊण तास लागला, पुलावर तीनदा बसला. काम नव्हतंच, हाक आता गुलाबसिंग स्वतः मारायचा, खर्रा तोंडात ठेवून. "वडा-ऊल-वाडखेड." तरी उत्तमकाका रोज सातला यायचा आणि दगडाच्या एका टोकाला बसायचा. त्या दगडावर पूर्वी चार माणसं बसायची. आता कोणी बसत नव्हतं. पॅसेंजर रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभे राहायचे. पंजाबरावांनी त्याच्यासाठी एक वेगळा ग्लास केला आणि ओळखायला बुडाला लाल नेलपॉलिश लावलं. चहा दगडाच्या दुसऱ्या टोकावर ठेवून ते मागे व्हायचे, मग तो सरकून घ्यायचा. कोणी वाईट वागत नव्हतं. "कसं हाय उत्तम?" असं सगळे विचारायचे, पण इतक्या लांबून की उत्तर द्यायला ओरडावं लागावं. ते त्याला जमत नव्हतं. तो हात हलवायचा.

गुलाबसिंग हाक मारायचा तेव्हा उत्तमकाकाचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. गुलाबसिंगची हाक जिथे फुटायची तिथून पुढची तो पूर्ण करायचा. जीप निघून गेली की पुढची येईपर्यंत तो आणि पिंपळ.

एके दिवशी माझी जीप चुकली म्हणून मी दगडाच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यानं हातानं खूण केली, लांब हो. मी नाही झाले. मग त्यानं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. "बारावी सायन्स ना तू? वाच. हळू." मी वाचला. थुंकी तपासणी, नाही. नाही. नाही. मग ई-सिगारेट. मग तेल. त्याला सगळं माहीतच होतं. पण कोणीतरी ते मोठ्यानं वाचावं आणि उठून जाऊ नये, एवढंच त्याला पाहायचं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मी फक्त म्हटलं, "काका, डॉक्टरचं अक्षर त गुलाबसिंगच्या हाकेसारखं हाय." तो हसला आणि मग दहा मिनिटं खोकला.

त्यानंतर क्लासवरून परतले की पाच वाजता मी तिथे थोडं बसायची. बहुतेक वेळ मीच बोलायची, कधी पंजाबराव होऊन, कधी लालीबाई होऊन. तो ऐकायचा आणि बोटानं चुका दाखवायचा. लालीबाई 'माय'वर मान हलवते ते मी सोडलं होतं, ते त्यानंच दाखवलं.

जानेवारीत एका संध्याकाळी ओमचा फोन आला. फोन आला की तो घ्यायचा, पण बोलायचा दोन-तीन शब्द. पोरानं त्याचा तुटका दम ऐकू नये म्हणून. स्पीकर सुरू होता. ओम म्हणाला, "बा, हाक मार."

उत्तमकाकानं फोन तोंडापासून लांब धरला.

"बा, हाक मार ना. मामाच्या गाडीवाल्याले येत नाई."

त्यानं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "मार."

"मी?"

"मार वं. हलकी. लांब माळ."

मी छाती भरली आणि मारली. तांड्यापासून यवतमाळपर्यंत, एका दमात. कदाचित आयुष्यातली माझी सर्वांत चांगली. फोनमधून ओम किंचाळला, "जागा हाय! गाडीत जागा हाय!" त्याला 'माळ'ची लांबी कळत होती. पाच वर्षांचं पोर. उत्तमकाका माझ्याकडे नाही, फोनकडे पाहत होता.

मग वर्षाकाकूचा आवाज आला. "आवाज परत आला तुमचा?" ती खूश होती, हे ऐकायला माझ्यासारखा कान लागत नाही. "बरं झालं. ऐका, इथल्या आशाताई घरी आल्या होत्या. बापाले टीबी असन त पोराले बी गोळ्या देतात म्हने. सहा मैने, रोज. उद्या दवाखान्यात बोलावलं, रगत बी काढतीन. तुमचा टीबीचा कार्ड नंबर पाठवा."

उत्तमकाका म्हणाला, "हो. पाठवतो." आणि फोन बंद केला.

जीप आली आणि गेली. कोणी चढलं नाही.

"काका, सांगून टाका ना," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"हेच. टीबी नाई म्हनून. ओमले उगंच सुई टोचतीन."

"सांगाच लागन." बराच वेळ तो श्वास गोळा करत राहिला. "पन मंग वर्षा येत नाई."

"कायले नाई येनार? काकू टीबीले भिऊन थांबल्या. टीबीच नाई म्हटल्यावर तिकडं कायले राहतीन?"

"टीबीले ते भेते. खोट्याले भेत नाई. खोट्यावर... तिचा राग असते. तुले वर्षा माईत नाई."

"लागली शर्त?"

तो हसला. "कायची?"

"होळीच्या आत काकू या फाट्यावर उतरतात. ओमले घेऊन. पन सांगाचं इथं, पंजाबरावच्या टपरीवर, साऱ्यायच्या समोर. चोरून फोन करून नाई."

"अन् नाई उतरली त?"

"तुम्ही सांगा."

त्यानं दगडावर थाप मारली. "धुळवडीच्या दिवशी सकाळी सातले. तू इथं उभी राह्यशीन. माही हाक मारशीन. गाडी भरेलोक."

"अन् मी जिंकली त?"

"त मी मारतो." हात पुढे केला. पाच महिन्यांत त्यानं कोणाला हात दिला नव्हता. "हरव मले, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मारेगावचा दवाखाना उघडायच्या आत, साडेसातला, तो टपरीवर आला. चार माणसं मागे झाली. त्यानं फोन बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवला आणि स्पीकर लावला. वर्षाकाकूनं तांड्याच्या बोलीत काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "वर्षा. मराठीत बोलतो. इथं सारे... हायेत. त्यायले बी... ऐकू दे."

मग त्यानं सांगितलं. मी ते आजवर कोणाला करून दाखवलं नाही, इथेही पूर्ण लिहीत नाही. तीन शब्द, श्वास. दोन शब्द, श्वास. नळी. विक्की. ब्लूबेरी म्हणता म्हणता अडकला आणि जांभूळ म्हणाला. निलगिरी. याडीचं तेल. ओमचा ड्रॉपर. डॉक्टरला सांगितलेली फोडणी. "टीबी नाई. कधीच नव्हता. ओमले... गोळ्या नोको देऊ." पंजाबरावांची गाळणी हवेत थांबली होती, तिच्यातून चहा त्यांच्या पायावर ठिबकत होता. लालीबाईनं एकच जुडी दोनदा मोजली.

मग वर्षाकाकूनं एकच प्रश्न विचारला, त्यांच्या बोलीत. पंजाबराव माझ्याकडे वळून पुटपुटले, "काय म्हनते?" मला ती बोली ऐकून ऐकून समजते. ती विचारत होती, ओमच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा ते खिशात होतं का?

उत्तमकाका म्हणाला, "होतं."

"बरं," ती म्हणाली. "गोळ्या थांबवते." फोन बंद झाला.

सर्वांत आधी गुलाबसिंग बोलला. "म्हंजे मी चार मैने फुकट उन्हात उभा राह्यलो का बे?" मग पंजाबरावांनी तो लाल बुडाचा ग्लास उचलला, त्यात चहा ओतला आणि स्वतः प्याले. दुसरा, साधा ग्लास भरून उत्तमकाकाच्या हातात दिला. लांब ठेवला नाही, हातात दिला. "फोडनी घालू का त्याच्यात?" त्या दिवसापासून फाट्यावर त्याचं नाव फोडणी पडलं. "काय गा फोडनी!" "सरक ना बे फोडनी, बसू दे!" दगडावर पुन्हा चार माणसं बसायला लागली, कधी पाच. विक्कीनं आठ दिवस दुकान उघडलं नाही. उघडलं तेव्हा समोर फक्त मोबाइलची कव्हरं लटकत होती.

मला वाटलं, शर्त जिंकल्यात जमा आहे.

ओमचा फोन दर रविवारी यायचा. आधी पलीकडून वर्षाकाकूचं "घे" ऐकू यायचं, तेही ओमला म्हटलेलं. मग ओम. उत्तमकाकानं त्याला सांगून टाकलं होतं की त्या दिवशीची हाक उर्वशीताईची होती. ओम म्हणाला, "मले माईत होतं. तुहा माळ जाड असते." माझ्या नकलेचा तोरा उतरला तो असा.

होळी जवळ आली तसा उत्तमकाका रोज दाढी करून यायला लागला. यवतमाळकडून जीप आली की तो उठून उभा राहायचा. गाडीत लोकं बसलेली दिसायची, त्यात लाल-हिरव्या ओढण्या दिसायच्या, त्याची मान पुढे जायची. उतरायचं दुसरंच कोणीतरी. तो बसायचा. दगडावर त्याच्या शेजारी तीन-तीन माणसं गप्पा मारत असायची, त्याच्या मांडीवर थापा पडायच्या, आणि तो पुढच्या जीपकडे पाहत असायचा. त्या दिवसांत मी त्याला जितकं एकटं पाहिलं तितकं टीबीच्या महिन्यांतही पाहिलं नव्हतं. तेव्हा त्याच्याकडे निदान एक खोटं होतं, सहा महिन्यांचं.

होळीच्या दिवशी संध्याकाळची शेवटची जीप आली. गुलाबसिंगनं दार उघडायच्या आधीच माझ्याकडे पाहून मान हलवली. उत्तमकाका तरी आत वाकून पाहून आला. मग म्हणाला, "याडी वाट पाहत असन. आज तांड्यावर... लेंगी हाय." होळीची गाणी म्हणजे लेंगी. दर वर्षी ती तोच उचलायचा. त्या रात्री तो कडेला बसून थाळी वाजवत होता, असं सोनीबाईनं माझ्या आजीला सांगितलं.

धुळवडीच्या सकाळी सातला फाट्यावर कुत्रं नव्हतं. रंगाच्या भीतीनं त्या दिवशी कोण प्रवास करतो? गुलाबसिंग जीपच्या टपावर कापड टाकून झोपला होता. उत्तमकाका आधीच आलेला. अंगावर धुतलेला पांढरा सदरा, कोणीही रंग न टाकलेला.

"हारली ना?" म्हणाला.

"हारली."

"मी सांगितलं होतं."

मी दगडावर चढले. छाती भरली आणि मारली. तांडा, पूल, लाडखेड, जीन, कालेज, दवाखाना, दत्तचौक, यवतमाळ. पिंपळावरून दोन बगळे उडाले.

"दवाखान्याच्या आंधी... दम घेतला तू," तो खालून म्हणाला.

"नाई घेतला."

"घेतला. बारीक." त्याची नजर यवतमाळकडच्या रस्त्यावर होती. "पुन्हा मार. गाडी भरली नाई अजून."

मी पुन्हा मारली. गाडीत कोणीच नव्हतं, म्हणून 'माळ' लांब ठेवला.